टोमॅटोचा मर रोग आणि मुळांचे राखणदार जिवाणू

महाराष्ट्रातील भाजीपाल्याच्या पिकांत टोमॅटोला महत्त्वाचे स्थान आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी व निफाड हे तालुके या पिकासाठी प्रसिद्ध असून नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजारांतून येथला माल दूरदूरच्या शहरांत जातो. टोमॅटो हे पैसा देणारे पीक खरे. परंतु देण्यापूर्वी ते पैसा मागते. संकरित रोपे, खते, ठिबक संच, आच्छादनाचा कागद, बांबू, तार, सुतळी आणि बांधणीची मजुरी हा बहुतेक सर्व खर्च पहिल्या तोड्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. नेमक्या अशा वेळी, झाडे फुलाफळांनी लगडली असताना, एखाद्या दुपारी काही झाडांचे शेंडे मलूल झालेले दिसतात. सायंकाळी ते सावरतात, दुसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा माना टाकतात आणि थोड्याच दिवसांत झाड उभ्याने वाळते. शेतकरी ज्याला ‘मर’ म्हणतात तो हाच रोग होय.

मर लागलेले झाड पुन्हा उभे करील असे औषध आजवर हाती आलेले नाही. त्यामुळे या रोगाच्या बाबतीत प्रतिबंध हाच उपाय ठरतो. या प्रतिबंधासाठी अलीकडच्या काळात उपकारक जिवाणूंचा वापर वाढत असून त्यांच्या भुकट्या व द्रावणे बाजारात सहज मिळू लागली आहेत. तथापि, हे जिवाणू नेमके काय करतात आणि केव्हा करतात हे ठाऊक नसेल तर त्यांवर केलेला खर्च मातीत जातो. म्हणून त्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

मर रोगाचे दोन प्रकार

टोमॅटोवरील मर मुख्यतः दोन कारणांनी उद्भवतो. पहिला प्रकार जिवाणूजन्य. तो ‘राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम’ या जिवाणूमुळे व त्याच्या निकटच्या जातींमुळे होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी टोमॅटो, वांगी व बटाटा या पिकांवरील या जिवाणूचे शास्त्रीय वर्णन १८९६ मध्ये केले. महाराष्ट्राला मात्र या रोगाची ओळख त्याआधीच झाली होती. पुणे परिसरातील बटाट्यावर हा रोग आढळल्याची नोंद १८९२ ची आहे. रोगट बटाटा आडवा कापला असता आत तपकिरी कडे दिसे, त्यावरून त्याला ‘बांगडी’ हे नाव पडले होते.

दुसरा प्रकार बुरशीजन्य. ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ या बुरशीचा टोमॅटोवर जगणारा प्रकार त्यास कारणीभूत असतो. दोन्ही शत्रू जमिनीत राहतात व मुळांवाटे झाडात शिरतात. दोघेही झाडाच्या जलवाहिन्यांत ठाण मांडतात. जिवाणू तेथे झपाट्याने वाढून चिकट द्रव सोडतो व त्याने वाहिन्या तुंबतात. बुरशीच्या बाबतीत तिचे तंतू आणि झाडाने स्वतःच्या बचावासाठी निर्माण केलेले अडसर मिळून पाण्याची वाट अडते. जमिनीत ओल भरपूर असूनही झाड तहानेने मरते ते यामुळेच.

पेल्यातील परीक्षा

कोणता मर लागला आहे हे ओळखणे ही उपाययोजनेची पहिली पायरी होय. जिवाणूजन्य मर रोगात झाड बहुधा हिरवेगार असतानाच कोलमडते. पाने पिवळी पडण्यास अवसरच मिळत नाही. बुरशीजन्य मर संथपणे येतो. खालची पाने आधी पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाची वा फांदीची एकच बाजू पिवळी दिसते आणि मग वाळणे वरवर चढत जाते. खोड उभे चिरल्यास दोन्ही प्रकारांत आतील वाहिन्या तपकिरी दिसतात.

शंका राहिल्यास घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. नुकत्याच मलूल झालेल्या झाडाच्या बुडाकडील खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात त्याचे एक टोक बुडेल असा तो स्थिर धरावा. रोग जिवाणूजन्य असल्यास काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागतात. त्या धाग्यांत असंख्य जिवाणू असतात. बुरशीजन्य मर रोगात असे धागे दिसत नाहीत. झाड उपटल्यावर मुळांवर गाठी आढळल्यास सूत्रकृमींचाही उपद्रव आहे असे समजावे. त्यांनी केलेल्या जखमांतून मर रोगाला आयता दरवाजा मिळतो.

फवारणी का निष्फळ ठरते?

मर दिसताच अनेक ठिकाणी ताम्रयुक्त औषधांची वा प्रतिजैविकांची फवारणी केली जाते. परंतु पानांवर पडलेले औषध खोडातील वाहिन्यांपर्यंत आणि जमिनीतील मुळांपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचत नाही. जमिनीत आळवणी केली तरी तो रोगजंतू मातीच्या खोल थरांत, जुन्या पिकाच्या अवशेषांत व तणांच्या मुळांत सुरक्षित राहतो. फ्युजेरियमची बुरशी तर जाड कवचाचे बीजाणू तयार करून वर्षानुवर्षे जमिनीत तग धरते. सगळी जमीन निर्जंतुक करणे व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही; कारण त्या प्रयत्नात शत्रूबरोबर मित्रही मारले जातात.

मुळांभोवतीची वस्ती

जमिनीत मित्र आहेत, ही जाणीव शास्त्राला १०० वर्षांहून अधिक काळ आहे. मुळांतून शर्करा, आम्ले आदी पदार्थ सतत पाझरत असतात व त्या अन्नावर सूक्ष्मजीवांची दाट वस्ती होते. मुळालगतच्या या पट्ट्याला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास मूलपरिसर म्हणता येईल. दक्षिण फ्रान्समधील शातोरनार येथील जमिनींत मर रोगाची बुरशी असूनही खरबुजाच्या पिकाला मर क्वचितच लागतो, असे आढळले. तीच माती वाफेने तापवली की तिचा हा गुण नाहीसा होई आणि तापवलेल्या मातीत चांगल्या मातीचा थोडा अंश मिसळला की तो परत येई. यावरून रक्षणाचे काम मातीतील सजीव करीत असल्याचे स्पष्ट झाले.

टोमॅटोच्या बाबतीतील एक उद्बोधक प्रयोग दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ‘हवाई ७९९६’ हा टोमॅटोचा वाण जिवाणूजन्य मर रोगाला दाद देत नाही. ‘मनीमेकर’ हा वाण मात्र सहज बळी पडतो. पहिल्याच्या मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव दुसऱ्याच्या मुळांशी नेऊन सोडले असता त्याच्यावरील रोगाची तीव्रता कमी झाली. म्हणजे वाणाच्या प्रतिकारशक्तीत त्याच्या मुळांशी वस्तीला असलेल्या शेजाऱ्यांचाही वाटा असतो.

राखण कशी होते?

शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या उपकारक जिवाणूंत ‘स्यूडोमोनास फ्लुरोसन्स’ आणि ‘बॅसिलस सबटिलिस’ हे दोन प्रमुख होत. ट्रायकोडर्मा ही मित्र-बुरशी आहे. तिचा उपयोग मुख्यतः बुरशीजन्य रोगांविरुद्ध होतो. तिन्हींची नावे दुकानात एकत्र ऐकू येत असली तरी त्यांत भेद आहे, हे ध्यानी ठेवावे.

या जिवाणूंचे कार्य चार प्रकारे चालते. पहिला प्रकार जागा अडविण्याचा. नवी उपमुळे फुटतात ती ठिकाणे आणि मुळांवरील बारीक जखमा ही रोगजंतूंची प्रवेशद्वारे असतात. तेथे मित्रजिवाणूंची वस्ती आधीच झालेली असेल, तर तेथील अन्न व जागा शत्रूच्या वाट्याला येत नाही.

दुसरा प्रकार लोहाच्या स्पर्धेचा. प्रत्येक सूक्ष्मजीवाला वाढीसाठी लोह हवे असते. स्यूडोमोनास ‘सिडेरोफोर’ नावाचे पदार्थ सोडून मातीतील लोह पकडतो व स्वतःकडे ओढून घेतो. यांतील एक पदार्थ पिवळसर हिरवा असून अतिनील प्रकाशात चमकतो. जिवाणूच्या नावातील ‘फ्लुरोसन्स’ हा शब्द त्या चमकेवरूनच आला. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ क्लोपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांच्या वाढीशी असलेला या पदार्थांचा संबंध १९८० मध्ये दाखवून दिला. चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत पिकांना व सूक्ष्मजीवांना मिळण्याजोगे लोह मुळातच कमी असते. त्यामुळे तेथे ही स्पर्धा अधिक प्रभावी ठरू शकते.

तिसरा प्रकार प्रतिजैविकांचा. स्यूडोमोनासच्या काही वाणांतून व बॅसिलसच्या अनेक वाणांतून रोगजंतूंची वाढ रोखणारी द्रव्ये स्रवतात. चौथा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे. मित्रजिवाणूंच्या स्पर्शाने झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी होते आणि पुढे शत्रूने हल्ला केल्यास झाड अधिक त्वरेने प्रतिकार करते. १९९१ पासून अनेक पिकांत याचे पुरावे मिळत गेले आहेत.

काही जिवाणू तर मुळांच्या आतही वस्ती करतात. गोव्यात वांग्याच्या पिकाला जिवाणूजन्य मर रोगाचा मोठा उपद्रव होतो. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी वांग्याच्या झाडांच्या आत राहणारे जिवाणू वेगळे करून तपासले. मर रोगाच्या जिवाणूला रोखणाऱ्यांत स्यूडोमोनास गटाचा भरणा अधिक असल्याचा त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी कोण पोचतो?

वरील चारही प्रकारांत एक समान सूत्र आहे. मित्रजिवाणू मुळाशी शत्रूच्या आधी पोचला पाहिजे. जागा अडवायची तर ती मोकळी असली पाहिजे. झाडाला सावध करायचे तर ते धोका येण्यापूर्वी केले पाहिजे. रोगजंतू वाहिन्यांत शिरून झाड माना टाकू लागल्यावर मुळाशी ओतलेले मित्रजिवाणू बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या राखणदारासारखे निरुपयोगी ठरतात. कित्येक ठिकाणी ‘जिवाणू वापरले, पण गुण आला नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा या उशिरात असते.

सुदैवाने टोमॅटोचे पीक रोपे तयार करून लावले जाते. म्हणजेच रोगट जमिनीशी गाठ पडण्यापूर्वी सुमारे ३ ते ४ आठवडे रोप शेतकऱ्याच्या वा रोपवाटिकेच्या हाताखाली असते. मुळांवर मित्रांची वस्ती करविण्याची हीच खरी संधी होय. जे काम रोपवाटिकेतील थोड्याशा भुकटीने साधते, ते शेतात उशिरा ओतलेल्या पिंपभर द्रावणाने साधत नाही.

वापराची रीत

स्यूडोमोनासची भुकटी वापरून बीजप्रक्रिया करण्यासाठी १ किलो बियाण्यास १० ग्रॅम हे प्रमाण रूढ आहे. टोमॅटोचे बियाणे फारच थोडे लागत असल्याने त्याच प्रमाणात भुकटीही अल्प पुरते. संकरित बियाणे पुष्कळदा रासायनिक औषध चोळूनच विक्रीस येते. अशा वेळी जिवाणूंची भुकटी बियाण्याऐवजी ट्रेमध्ये भरावयाच्या कोकोपीटमध्ये किंवा गादीवाफ्यावरील शेणखतात मिसळणे श्रेयस्कर ठरते.

रोपे गादीवाफ्यावरची असल्यास लावणीपूर्वी त्यांची मुळे जिवाणूंच्या द्रावणात सुमारे अर्धा तास बुडवावीत. लिटरभर पाण्यास १० ग्रॅम भुकटी हे त्यासाठी सामान्यतः सांगितले जाणारे प्रमाण आहे. ट्रेमधील रोपांच्या बाबतीत लावणीच्या एक-दोन दिवस आधी ट्रे द्रावणाने पूर्ण भिजवावेत. मुख्य शेतासाठी हेक्टरी २.५ किलो भुकटी ५० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देण्याची तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. लावणीनंतर सुमारे ३ आठवड्यांनी मुळाशी पुन्हा एकदा आळवणी केल्यास नव्याने फुटलेल्या मुळांवरही वस्ती होते. निरनिराळ्या उत्पादनांत जिवाणूंचा वाण व संख्या भिन्न असल्याने वेष्टनावर छापलेले प्रमाणच अंतिम मानावे.

जिवाणू सजीव आहेत, याचा विसर पडता कामा नये. द्रावण सायंकाळी व ओलाव्यावर द्यावे. कडक ऊन व कोरडी जमीन त्यांना मारक ठरते. ताम्रयुक्त औषधे, प्रतिजैविके वा ब्लिचिंग पावडर यांच्यासमवेत ते कधीही मिसळू नयेत. अशी औषधे वापरावी लागल्यास आठवडा-दहा दिवसांचे अंतर राखावे. फवारणीचा पंप व पिंप स्वच्छ धुऊन घ्यावे, हे सांगावयास नकोच.

खरेदी करताना दक्षता

रोगनियंत्रणासाठी विकल्या जाणाऱ्या जिवाणूंना १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी आवश्यक असते. केवळ आकर्षक नावाच्या व चित्राच्या आधारे पुडा घेण्याऐवजी त्यावरील नोंदणी क्रमांक, जिवाणूचे पूर्ण नाव, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम मुदत पाहावी. स्यूडोमोनासच्या उत्पादनात दर ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत असे प्रमाण ठरविलेले आहे. मुदत टळलेल्या पुड्यात भुकटी तेवढीच दिसते. जिवाणू मात्र उरलेले नसतात.

साठवणीच्या बाबतीतही दोन जिवाणूंत भेद आहे. बॅसिलस प्रतिकूल काळात टणक बीजाणूच्या रूपात राहू शकतो, म्हणून त्याची भुकटी अधिक काळ टिकते. स्यूडोमोनासला ती सोय नसल्याने तो उष्णतेने लवकर मरतो. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर तापलेला पुडा स्वस्तात मिळाला तरी तो महागच पडतो. खरेदीची पावती घेऊन ती जपून ठेवावी.

मर्यादा आणि जोडीची कामे

उपकारक जिवाणू हा रामबाण इलाज आहे, असा समज करून घेणे मात्र घातक ठरेल. जमिनीचा प्रकार, तापमान, ओलावा आणि मातीतील रोगजंतूंची संख्या यांनुसार त्यांच्या कार्यात फरक पडतो. प्रयोगशाळेतील कुंडीत उत्तम ठरलेला वाण शेतात तेवढाच यशस्वी होईल असे नाही. जेथे मागील हंगामात मर रोगाने थैमान घातले, त्या शेतात लगेच पुन्हा टोमॅटो लावून केवळ जिवाणूंवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

यास्तव जिवाणूंना इतर उपायांची जोड हवी. टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके पाठोपाठ घेऊ नयेत. मध्ये ज्वारी, मका यांसारखी तृणधान्ये घ्यावीत. जिवाणूजन्य मर रोगासाठी प्रतिकारक वाण उपलब्ध आहेत. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘अर्का आभा’ व ‘अर्का आलोक’ हे वाण आणि ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण त्यांपैकी होत. वांग्याच्या प्रतिकारक खुंटावर टोमॅटोचे कलम करण्याची पद्धतही आता रूढ होत आहे.

कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असून तेथील उष्ण व दमट हवामान जिवाणूजन्य मर रोगाला पोषक असते. अशा जमिनीत माती परीक्षणानंतर शिफारशीप्रमाणे चुना देणे हितावह ठरते. देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र चुना देण्याचे कारण नाही. पाणी पाटाने दिल्यास रोगजंतू एका सरीतून दुसऱ्या सरीत वाहत जातात. ठिबक सिंचनाने हा प्रसार कमी होतो. आंतरमशागत करताना मुळे तुटणार नाहीत याची काळजी घ्यावी. मेलेले झाड मुळालगतच्या मातीसह काढून शेताबाहेर नष्ट करावे. ते बांधावर, पाटात वा खताच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे रोगाची पेरणी करण्यासारखेच आहे. रोगट वाफ्यात वापरलेली कुदळ-खुरपी धुतल्याशिवाय निरोगी वाफ्यात नेऊ नयेत.

राज्यातील राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठे, जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे आणि गावपातळीवरील कृषी विभागाचे कर्मचारी यांच्याकडून आपल्या जमिनीस व हंगामास अनुरूप सल्ला मिळू शकतो. संशयास्पद झाड मुळासकट तेथे नेऊन दाखविल्यास अंदाजाने औषधे टाकण्याचा खर्च वाचतो.

मर रोगाशी द्यावयाची झुंज लावणीच्या दिवसापूर्वीच सुरू होते. जमिनीची निवड, पिकाची फेरपालट, प्रतिकारक वाण आणि रोपवाटिकेतच मुळांवर वसविलेले मित्रजिवाणू या चार गोष्टी वेळेवर साधल्या, तर बांबू-तारेवर चढलेले पीक तोडणीच्या तोंडावर हातचे जाण्याचा धोका पुष्कळ अंशी कमी होतो. पुढील हंगामासाठी रोपांची मागणी नोंदविताना शेतकरी बांधवांनी रोपवाटिकेच्या चालकाला एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘रोपांच्या मुळाशी जिवाणू केव्हा व कोणते दिले?’ त्याचे समाधानकारक उत्तर मिळणे ही चांगल्या पिकाची पहिली खूण समजावयास हरकत नाही.